सातबाऱ्याआधीचे इंदापूर आणि सर जॉर्ज विंगेट

गावाकडच्या जमिनीचा सातबारा आज पुण्या-मुंबईत बसून संगणकावर पाहता येतो. गट क्रमांक, खातेदाराचे नाव, क्षेत्र आणि त्यापुढे काही रुपये-पैशांत लिहिलेली आकारणी. ही आकारणी इतकी क्षुल्लक असते की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु शेताला क्रमांक द्यायचा, त्याच्या मातीची प्रत ठरवायची, त्यावरून साऱ्याचा आकडा काढायचा आणि तो एका माणसाच्या नावापुढे मांडायचा, ही सारी पद्धत ज्या शिवारात प्रथम आकाराला आली ते पुणे जिल्ह्यातील इंदापूरचे. ती घडविणाऱ्या दोघा तरुण इंग्रज अधिकाऱ्यांपैकी एक सर जॉर्ज विंगेट होत. महसुली इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव चांगले परिचयाचे आहे, मात्र इंदापूर आणि बारामतीच्या ग्रामीण जीवनावर त्यांच्या कामाचा किती खोल ठसा उमटला, याची जाणीव सर्वसामान्य वाचकाला क्वचितच असते.

विंगेट यांचा जन्म १८१२ मधला. १८२९ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनीअर्स या लष्करी पथकात दाखल झाले. रस्ते, पूल, किल्ले यांची मोजमापे घेणे हे या पथकातील अधिकाऱ्याचे नेहमीचे काम. पण विंगेट यांच्या वाट्याला आली ती माणसांनी सोडून दिलेली जमीन.

पेशवाईचा शेवट १८१८ मध्ये झाला, तेव्हा इंदापूर परगणा आधीच मोडकळीस आलेला होता. उत्तरेस भीमा आणि दक्षिणेस नीरा, यांच्या मधला हा पट्टा मुळातच बेभरवशाच्या पावसाचा. त्यात १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा या भागातून गेल्या आणि पाठोपाठ भीषण दुष्काळ पडला. कित्येक गावे ओस पडली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने देण्याची प्रथा वाढली होती. मक्तेदाराला वर्षभरात आपला पैसा वसूल करावयाचा असे, पुढच्या वर्षी रयत राहील की जाईल याची त्याला पर्वा नसे.

ही अवस्था आज आपल्याला कळते ती कागदांमुळे. मराठा राज्याचे महसुली दप्तर इंग्रजांनी जपून ठेवले. त्यांना त्याची गरज होती. कोणाचे वतन खरे, कोणाचे इनाम खोटे आणि कोणत्या गावाचा वसूल किती, हे त्याशिवाय कळणार नव्हते. कापडी रुमालांत बांधलेले, मोडी लिपीतील हे पेशवे दप्तर पुढे पुण्यात खास बांधलेल्या इमारतीत १८९१ मध्ये आले. आज ते पुणे पुराभिलेखागाराच्या ताब्यात आहे. गावोगावचे ताळेबंद, जमीनझाडे, पाटील-कुलकर्ण्यांचे हिशेब, वतनाचे तंटे असे नाना प्रकारचे कागद त्यांत आहेत. अ. रा. कुलकर्णी यांच्यासारख्या मराठी आणि हिरोशी फुकाझावा यांच्यासारख्या जपानी इतिहासकारांनी अशाच मराठी कागदांतून मराठेकालीन गावगाडा उभा केला. या कागदांत गाव हे एकक दिसते. सारा गावावर बसे, पाटील तो घरोघरी वाटून देई. वंशपरंपरेने जमीन कसणारा मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा उपरी, असा भेद पाळला जाई. शेतांना क्रमांक नव्हते, नावे होती.

इंग्रजी अमलाने या व्यवस्थेत पहिला मोठा हात घातला तो रॉबर्ट कीथ प्रिंगल यांच्याकरवी. प्रिंगल हे हेलीबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयाचे हुशार विद्यार्थी. तेथे अर्थशास्त्र शिकविणारे प्राध्यापक होते लोकसंख्येच्या सिद्धांतासाठी प्रसिद्ध असलेले माल्थस. तेथील शिकवणुकीचा ठसा प्रिंगल यांच्या योजनेवर स्पष्ट उमटला. शेताच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा सर्व खर्च वजा केला की निव्वळ उत्पन्न उरते. त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यावेत, असे त्यांचे सूत्र होते. १८२४ ते १८२८ या काळात त्यांनी मोजणी व पाहणी केली आणि लगेच नवे दर अमलात आले.

सूत्र नीटनेटके होते, पण शेत तसे नव्हते. बियाणे, बैल, मजुरी, खत यांचा खर्च शेताशेताला वेगळा. तो काढण्याचे काम हाताखालच्या कारकुनांवर पडले. ज्याने त्यांचे हात ओले केले त्याची काळी जमीन बरड ठरली आणि ज्याने केले नाहीत त्याचा बरड काळा ठरला. त्यातच धान्याचे भाव घसरले. दर वर्षी सूट देण्याची वेळ येऊ लागली आणि सूट देण्यातही पुन्हा तीच लाचलुचपत. वसुलीसाठी रयतेचा छळ होई. अखेर कुळे घरदार सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. कंपनीच्या खजिन्यात येणारा वसूल घटला, तेव्हा कुठे वरिष्ठांचे डोळे उघडले.

१८३५ मध्ये हे काम नव्याने हाती घेण्यात आले. ते सुचविणारे मुलकी अधिकारी हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हेही हेलीबरीचेच विद्यार्थी आणि विंगेट यांच्याच वयाचे. लवकरच लेफ्टनंट विंगेट त्यांच्या मदतीस आले. दोघेही तेव्हा तेवीस-चोविशीत होते. या वयाच्या दोघा तरुणांनी शास्त्रशुद्ध म्हणून गाजलेली एक योजना मोडीत काढली आणि जी पद्धत घातली, ती पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकली.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडण्याची. शेताचा खर्च कोणालाही खरा कळणार नाही, हे त्यांनी मान्य केले. त्याऐवजी डोळ्यांना दिसेल आणि पहारीने खणून तपासता येईल अशा गोष्टींवर त्यांनी भिस्त ठेवली. त्या म्हणजे मातीचा रंग व पोत आणि तिची खोली. या विचाराला पुढे आलेले पक्के स्वरूप असे होते : सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत मातीच्या नऊ प्रती पाडण्यात आल्या. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन सोळा आणे. खोली जसजशी कमी तसतसे आणे उतरत जात. चुनखड, वाळू, उतार, पाणथळपणा असा एकेक दोष आढळला की जमीन एकेक प्रत खाली जाई. एका शेताचे अनेक भाग पाडून प्रत्येक भागात खणून पाहावयाचे आणि त्याची नोंद नकाशातच चिन्हांनी करावयाची, म्हणजे वरिष्ठाला केव्हाही त्याच जागी जाऊन ती पडताळता यावी. लाचखोरीला आळा घालणारी खरी योजना ही पडताळणीच होती.

मोजणी साखळीने होई. साखळी तेहेतीस फुटांची. तिच्या लांबी-रुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. गुंठ्यांचा हा हिशेब आज शहरातील प्लॉटच्या जाहिरातींतही वापरला जातो. शेताचे आकारमान ठरविताना एका बैलजोडीने वर्षभरात किती जमीन होईल हा विचार मुख्य मानला गेला. म्हणून सर्व्हे नंबर हलक्या कोरडवाहू जमिनीत सुमारे वीस एकरांचा, भारी जमिनीत बारा एकरांचा आणि भातजमिनीत चार एकरांचा असावा, असे ठरले. त्यानंतर हवामान, पाऊस आणि बाजारपेठेचे अंतर पाहून गावांचे गट पाडले जात व प्रत्येक गटाचा कमाल दर ठरे. त्या दराला मातीच्या आण्यांनी गुणले की शेताचा आकार निघे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची होती. दर मुद्दाम बेताचे ठेवण्यात आले आणि ते तीस वर्षे बदलणार नाहीत अशी हमी देण्यात आली. या काळात शेतकऱ्याने विहीर खणली, ताली घातल्या किंवा बागायत केली, तरी त्याचा सारा वाढणार नव्हता. नको असलेला सर्व्हे नंबर सोडण्याची मुभा त्याला दर वर्षी होती. जोवर तो सारा भरत होता तोवर त्याला कोणी काढू शकत नव्हते आणि आपली जमीन तो विकू किंवा गहाण ठेवू शकत होता. मिरासदार आणि उपरी हा जुना भेद त्यामुळे पुसट होत गेला. दोघेही आता सरकारी नोंदवहीतील खातेदार झाले.

१८३६-३७ मध्ये इंदापूर तालुक्यात ही जमाबंदी लागू झाली. पाठोपाठ भीमथडी तालुक्यातही तिचा अंमल सुरू झाला. आजचा बारामती परिसर त्या वेळी या तालुक्यात मोडत असे. परिणाम लवकरच दिसू लागला. गेलेली कुळे परतली, पडीक जमिनी नांगराखाली आल्या, थकबाक्या आणि सुटी यांचे प्रमाण घटले. इंदापूरचा प्रयोग यशस्वी ठरल्याने विंगेट यांच्याकडे दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मोठ्या मुलखाचे काम आले. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी मिळून आपल्या पद्धतीचे नियम एका संयुक्त अहवालात मांडले. मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याचा तो पुढे आधारग्रंथच बनला. वऱ्हाड आणि म्हैसूरनेही ही पद्धत उचलली.

तथापि विंगेट यांच्या साखळीचे स्वागत सर्वत्र झाले नाही. १८५२ मध्ये खानदेशात मोजणी सुरू होताच सावदा, फैजपूर, यावल या भागांत हजारो शेतकरी एकत्र जमले आणि त्यांनी मोजणीला विरोध केला. अखेर सरकारने सैन्य आणून हा विरोध मोडला. इंदापुरात रयत आधी उद्ध्वस्त झालेली होती, तिला मोजणीने दिलासा दिला. खानदेशात मोजणीदार म्हणजे सारावाढीची चाहूल, अशी लोकांची समजूत झाली. कागद घेऊन शिवारात येणाऱ्या सरकारी माणसाविषयीचा हा अविश्वास विंगेट यांना जवळून पाहावा लागला.

त्याच वर्षी त्यांनी सरकारला एक इशारा दिला. विंगेट यांच्या चरित्रातील हा सर्वांत विलक्षण भाग म्हणावा लागेल, कारण त्यांनी येथे आपल्याच कामाची दुसरी बाजू पाहिली. दर बेताचे ठेवल्याने जमिनीला किंमत येईल, ती विकता येईल आणि त्यामुळे शेतीत भांडवल येईल, अशी त्यांची व गोल्डस्मिड यांची अपेक्षा होती. जमिनीला किंमत आली खरी, परंतु ती प्रथम सावकाराच्या नजरेस पडली. पूर्वी सावकारालाही गावाच्या मर्जीने वागावे लागे. कर्जदार बुडाला तर पैसेही बुडत, म्हणून त्याला जगविणे सावकाराच्या हिताचे होते. आता त्याच्या हाती दिवाणी न्यायालय आले. सही-अंगठ्याचा रोखा दाखविला की हुकूमनामा मिळे आणि शेत ताब्यात येई. ऋणको आणि धनको यांच्यातील जुना संबंध तुटून दोन वर्गांत वैर माजेल व त्याचा शेवट चांगला होणार नाही, असे विंगेट यांचे मत होते. सरकारने ते वाचले आणि दप्तरात ठेवून दिले.

याच दशकात विंगेट मायदेशी परतले. गोल्डस्मिड यांच्या नशिबी तेही नव्हते. मुंबई सरकारच्या सचिवपदापर्यंत पोहोचलेला हा अधिकारी ३ जानेवारी १८५५ रोजी कैरो येथे मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ इंदापूरच्या मोजणीस जेथून आरंभ झाला त्याच्या जवळ, डिकसळ येथे, प्रवाशांसाठी एक बंगला उभारण्यात आला. १८६५ मध्ये त्या प्रसंगी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी त्याच्या कार्याचा गौरव केला.

मायदेशी गेल्यावर विंगेट यांनी आणखी एक धाडस केले. १८५७ च्या उठावानंतर भारतावर कर्जाचा प्रचंड बोजा पडला होता. हा बोजा एकट्या भारताने वाहणे न्याय्य आहे काय, असा प्रश्न विचारणारी पुस्तिका त्यांनी १८५९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. ज्या देशातून कर घेतला जातो त्याच देशात तो खर्च झाला, तर पैसा फिरून लोकांकडे येतो. परंतु तो परदेशी गेला तर त्या देशाची केवळ हानी होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत मांडताना दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी विंगेट यांच्या या लेखनाचा आधार घेतला. इंदापूरच्या शेतकऱ्याच्या साऱ्याचा हिशेब करणारा माणूस त्या साऱ्याचे पुढे काय होते, इथपर्यंत जाऊन पोहोचला होता. १८६६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

इकडे तीस वर्षांची मुदत संपत आली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कडाडले होते. लोहमार्गाच्या कामांमुळे मजुरी वाढली होती. नेमक्या या तेजीच्या छायेत इंदापूरची फेरजमाबंदी झाली आणि १८६७ पासून साऱ्यात घसघशीत वाढ झाली. मग भाव कोसळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये शेतकऱ्यांच्या हलाखीची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. १८७४ मध्ये सरकारने वाढीवर मर्यादा घातल्या : तालुक्यावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खात्यावर शंभर टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, असे ठरले. पण उशीर झाला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे जुने रोखे दर तीन वर्षांनी बदलून घ्यावे लागत आणि दर बदलाला व्याजाचे मुद्दल होई. न्यायालयात हजर न झालेल्या कुळांवर एकतर्फी हुकूमनामे होत.

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली, त्यांच्या वह्या आणि रोखे बाहेर काढले आणि भर रस्त्यात त्यांची होळी केली. हे लोण बघता बघता पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. मारहाणीचे प्रकार फारच थोडे झाले. बहुतेक ठिकाणी रोखे हाती आले की जमाव शांत होई; जेथे ते मिळाले नाहीत तेथेच हिंसा झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली आणि त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासाला ठाऊक असलेले हे प्रकरण ते हेच.

सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगापुढे विंगेट यांचा १८५२ मधील इशारा पुन्हा आला. तेवीस वर्षे दप्तरात पडून असलेला तो कागद आता भविष्यवाणीसारखा वाचला गेला. या चौकशीतूनच १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला. रोख्यावर लिहिलेल्या रकमेच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. विंगेट यांच्या पद्धतीला कायमची चौकट देणारा मुंबई जमीन महसूल कायदाही याच वर्षी झाला. आणि याच १८७९ मध्ये सर जॉर्ज विंगेट यांचे निधन झाले.

त्यानंतर या भागाचे रूप पालटले. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू होऊन बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू रानात पाणी आले, उसाचे मळे उभे राहिले. १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगर वसले. पुढे उजनी धरणाच्या फुगवट्याने भीमाकाठची जुनी शिवारे आणि जुना लोहमार्गही पोटात घेतला. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. १८७९ च्या कायद्याची जागा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ने घेतली. एवढ्या उलथापालथीनंतरही मातीच्या प्रतीवरून काढलेली आकारणी सातबाऱ्यावर टिकून आहे.

ग्रामीण इतिहासाच्या अभ्यासकाला इंदापूर-बारामतीविषयी आज तीन प्रकारचे कागद पाहावयास मिळायला हवे होते. त्यांपैकी पहिले म्हणजे पेशवे दप्तरातील मोडी कागद, ज्यांत गाव एकत्र दिसते. दुसरे गोल्डस्मिड, विंगेट व त्यांच्या नंतरच्या अधिकाऱ्यांचे इंग्रजी अहवाल, ज्यांत शेत आणि खातेदार सुटे दिसतात. तिसरे सावकारांच्या वह्या आणि रोखे. हे तिसरे दप्तर सुप्यासारख्या गावांत शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी जाळले. त्यामुळे कोणी किती घेतले आणि किती फेडले, याचा हिशेब त्या गावांपुरता कायमचा नाहीसा झाला. अभ्यासकाच्या दृष्टीने ते नुकसानच. परंतु ज्यांनी ते कागद जाळले, त्यांच्या लेखी त्या रोख्यांत इतिहास नव्हता, त्यांचे शेत अडकलेले होते. उरलेल्या कागदांत शेतकऱ्याचे स्वतःचे म्हणणे फार थोडे सापडते. ते शोधावयाचे तर अर्जांत, जबान्यांत आणि अधिकाऱ्यांच्या कबुलीत शोधावे लागते. विंगेट यांचा १८५२ चा इशारा ही अशीच एक कबुली होती. पुण्यातील दप्तरखान्यात मोडी वाचू शकणारा कोणीही अभ्यासक इंदापूरच्या एखाद्या गावाचा पेशवेकालीन ताळेबंद काढून त्याशेजारी विंगेटकालीन जमाबंदी ठेवू शकतो. त्या दोहोंमधील अंतर मोजताना या इंजिनीअरचे चरित्र त्याला ओलांडून जाता येणार नाही.